मंद नाडीचा इतिहास

सुरत आणि इतिहास हे शब्द एकत्र आले की आपल्या मराठी घरांत १६६४ साल निघते आणि बोलणे तिथून पुढे सरकत नाही. आज मी सांगणार आहे तो इतिहास त्याहून लहान आहे. तो मनगटावर तीन बोटे ठेवून वाचावा लागतो.

१९७४ च्या उन्हाळ्यात माझे वडील कतारगाम दरवाज्यापाशी सायकलवरून उतरताना कोसळले. अर्ध्या मिनिटात उठून बसलेही. चेहरा आधी पांढराफटक पडला, मग लाल झाला, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. कोणी कांदा हुंगवला, फेफऱ्याचे निदान झाले आणि गोळ्या सुरू झाल्या. कार्डिओग्राम काढावा असे कोणालाही सुचले नाही. त्यांची नाडी मंद आहे हे आजीला ठाऊक होते, पण ती ते कौतुकाने सांगे : "माझ्या लेकाची नाडी हंसावानी चालते." १९७६ च्या पावसाळ्यात ते पुन्हा पडले, ते उठलेच नाहीत.

आजीचा हंस शार्ङ्गधरसंहितेतला. वाताची नाडी जळू वा सर्पासारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी आणि कफाची हंस-पारव्यासारखी, असे तिथे सांगितले आहे. त्या परंपरेत चालीला महत्त्व. मिनिटाचा हिशेब नव्हता. तो पुढे युरोपात आला. औरंगजेबाने नगरजवळ देह ठेवला त्याच १७०७ साली सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नेमके एक मिनिट चालणाऱ्या घड्याळावर नाडी मोजण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. आकडा मिळाला, त्याचा अर्थ लागायला मात्र शतकाहून अधिक काळ जावा लागला.

तो अर्थ लावणाऱ्यांत डब्लिनच्या रॉबर्ट अॅडम्स याचे नाव आधी घ्यावे लागते. पादुआच्या मॉर्गाग्नीने १७६१ मध्ये मंद नाडी आणि झटके यांची जोडी नोंदवली होती. अॅडम्सने १८२७ मध्ये जो रुग्ण वर्णिला तो महसूल खात्यातील अधिकारी होता, वय ६८, नाडी मिनिटाला ३०. सात वर्षांत त्याला बेशुद्धीचे वीसेक झटके आले होते. मीही महसूल खात्यातच आयुष्य काढले आणि वयही तेच. ही नोंद प्रथम वाचली तेव्हा खुर्चीत सावरून बसलो. अॅडम्सचे म्हणणे असे की, दोष मेंदूत नसून हृदयात आहे. १८४६ मध्ये त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्सने असे आणखी रुग्ण मांडले आणि व्याधीला दोघांचे नाव मिळाले. कतारगाम दरवाज्यापाशी फेफरे ठरले ते त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी!

हृदयात नेमके कुठे, हे १९०६-०७ मध्ये उलगडले. तावारा या जपानी संशोधकाने हृदयातील संदेशाची वाट दाखवली; कीथ आणि फ्लॅक यांनी ठोका जिथे उमटतो ती गाठ शोधली. त्यामुळे मंदपणाचे दोन प्रकार वेगळे काढता आले. माझ्या भाषेत सांगायचे तर गांधीनगरहून हुकूमच सावकाश निघणे वेगळे, आणि निघालेला हुकूम तालुक्याला न पोचणे वेगळे. कचेरीत दोन्ही वेळा काम खोळंबते, पण दुसऱ्यात अनर्थ जवळ असतो.

त्यावरचा इलाज ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. आर्ने लार्सन हा ४३ वर्षांचा गृहस्थ दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध होई. त्याच्या पत्नीच्या हट्टापायी अभियंता एल्मक्विस्ट याने बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून यंत्र ओतले आणि सेनिंग या शल्यविशारदाने ते शरीरात बसवले. पहिले काही तासांतच बंद पडले. पुढे एकामागून एक सव्वीस यंत्रे वापरत लार्सन २००१ पर्यंत जगला. एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही त्याच्या आधी गेले. माझे वडील पडले तेव्हा हा मनुष्य तिकडे चालत-फिरत होता, हे मला फार उशिरा कळले.

आपल्याकडे मंद नाडीला योगसिद्धीचे वलयही आहे. वेंगर, बागची आणि आनंद यांनी चार योग्यांची यंत्रांनी तपासणी करून १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या तिघांची नाडी हाताला लागेनाशी झाली, पण हृदय चालूच होते. चौथ्याने मात्र केवळ मंद करतो म्हटले, आणि ते केले.

मी योगी नाही. गेल्या वर्षी माझी नाडी ४० भरली आणि एका रुग्णालयाने आठवड्याच्या आत पेसमेकर बसवायला सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारले, "डोळ्यांत काही घालता का?" काचबिंदूसाठी मी टिमोलॉलचे थेंब घालत होतो. ते नाकावाटे रक्तात उतरून ठोके मंद करू शकतात. नेत्रतज्ज्ञांनी औषध बदलून दिले. थायरॉईड तपासले, चोवीस तासांची होल्टर नोंद घेतली. नाडी ५२ वर आली. चक्कर नाही, धाप नाही. माझा हुकूम सावकाश निघत होता, अडत नव्हता. अशा मंदपणात अमुक आकड्याखाली पेसमेकर लावाच, अशी सीमारेषा २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शनातही नाही. त्रास आणि मंदपणा यांचा मेळ बसतो का, ते पाहतात.

मी पेसमेकर टाळल्याची वार्ता आपल्या मंडळींत पसरली आणि काहींनी कार्डिओग्राम न दाखवताच माझे अभिनंदन करून आपापले बेत रद्द केले. त्यांत माझा धाकटा भाऊ होता. नाडी ४४, म्हणजे माझ्याहून बरी. चक्कर कधीच नाही. "दादाला नको, तर मला कशाला?" मी त्याचा कागद मागून घेतला आणि डॉक्टरांपुढे ठेवला. हुकूम वाटेत अडत होता. गंभीर प्रकारच्या अशा अडथळ्यात, दुरुस्त होण्याजोगे कारण नसेल, तर त्रासाची वाट पाहत नाहीत, हेही त्याच मार्गदर्शनात आहे. भाऊ तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी मी वडिलांची सायकल अडगळीतून काढून त्याच्या अंगणात नेऊन उभी केली. मार्चमध्ये त्याने पेसमेकर बसवून घेतला.