गाडी कुठवर आली?

जानेवारी २०१९ मधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि फोन वाजला. एवढ्या रात्री ऑस्लोहून पुतण्याचा फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. पण पलीकडून आवाज तर उत्साहानं नुसता फसफसत होता.

"काका, पनामा ओलांडला!"

"कोणी?"

"माझ्या गाडीनं!"

मी कपाळाला हात लावला. पण मंडळी, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यानं पाठवलेली लिंक मी उघडलीच. निळा समुद्र आणि त्यावर मुंग्या पसराव्यात तसे शेकडो रंगीत ठिपके. त्यातल्या एका ठिपक्यावर टिचकी मारली की नाव येई: 'ग्लोव्हिस कॅप्टन'. सॅन फ्रान्सिस्कोच्या ८० नंबरच्या धक्क्यावरून निघालेलं हे जहाज बेल्जियममधल्या झीब्रुगे बंदराला चाललं होतं. पोटात टेस्लाच्या नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गाड्या. त्यातली एक आमच्या चिरंजीवांची, असा त्यांचा ठाम समज!

त्याचा उतावळेपणा समजण्यासारखा होता म्हणा. ३१ मार्च २०१६ ला टेस्लानं 'मॉडेल थ्री' जगाला पहिल्यांदा दाखवली आणि अमेरिकेत हजार डॉलर अनामत भरून लोकांनी रांगा लावल्या. पहिल्या आठवड्यात सव्वातीन लाख लोकांनी नंबर लावले, तेही गाडी प्रत्यक्ष चालवून न बघता. युरोपातही तीच गत. अमेरिकेतल्या पहिल्या ग्राहकांना जुलै २०१७ मध्ये किल्ल्या मिळाल्या, पण युरोपाची पाळी यायला फेब्रुवारी २०१९ उजाडलं. जवळजवळ तीन वर्षं! आमच्या पिढीला हे काही नवीन नाही. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून बसलेली माणसं आम्ही. पण फरक असा की, स्कूटर आकुर्डीहून निघाली की नाही हे कळायची आम्हाला काही सोय नव्हती. पत्र आलं की गाडी आली. तोपर्यंत आपण आणि आपली सायकल.

पुतण्याचं तसं नव्हतं. त्याच्यासारखी हजारो माणसं नॉर्वेत, हॉलंडात, जर्मनीत रात्र रात्र जागून तो एक ठिपका बघत होती. कुठलं जहाज भरतंय हे कोणीतरी शोधून काढायचं, कोणी धक्क्यावर जाऊन फोटो काढायचं, कोणी वेगाला अंतराने भागून पोचायची तारीख काढायचं (आणि मग चूक लक्षात आल्यावर अंतराला वेगाने!). फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जहाज झीब्रुगेला लागलं. मार्च महिन्यात एकट्या नॉर्वेत पाच हजारांहून जास्त मॉडेल थ्रीची नोंदणी झाली आणि त्या महिन्यात तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत ५८ टक्के गाड्या निव्वळ विजेवरच्या होत्या. त्यातली एक पुतण्याची. असो.

मला मात्र त्या ठिपक्यानं पछाडलं. तो येतो कुठून? मुळात कोणासाठी असतो?

शोधत गेलो तेव्हा कळलं की तो ग्राहकांसाठी अजिबातच नाही. समुद्रात जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक मोठ्या जहाजावर एक यंत्र असतं. त्याला एआयएस म्हणतात. हे यंत्र दर काही सेकंदांनी व्हीएचएफ रेडिओवरून ओरडत असतं: मी अमुक, मी इथे आहे, माझा वेग इतका, माझं तोंड तिकडे. आसपासची जहाजं ऐकतात आणि अंतर राखतात. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना हे यंत्र २००४ च्या अखेरपर्यंत बसवणं सक्तीचं झालं. हा ओरडा सगळ्यांसाठी खुला असतो, त्याला कुलूप नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कोणाही हौशी माणसानं छपरावर अँटेना लावली की त्यालाही तो ऐकू येतो. २००७ मध्ये ग्रीसमधल्या सीरॉस बेटावर, एजियन विद्यापीठातले प्राध्यापक दिमित्रिस लेक्कास यांनी 'मरीनट्रॅफिक' सुरू केलं. छपराछपरांवर ऐकू आलेला हा ओरडा गोळा करून नकाशावर मांडायचा, एवढंच. गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या समितीनं डिसेंबर २००४ मध्येच बजावून ठेवलं होतं की ही माहिती इंटरनेटवर प्रसिद्ध करणं जहाजांच्या सुरक्षिततेला घातक ठरू शकतं. ऐकतो कोण!

जहाजाची बातमी आधी कळावी ही हाव मात्र काही इंटरनेटनं आणलेली नाही. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात व्यापारी आणि विमेवाले बसत ते कॉफीसाठी कमी आणि जहाजांच्या बातम्यांसाठी जास्त. तिथूनच पुढे १७३४ मध्ये 'लॉइड्स लिस्ट' निघालं. कुठलं जहाज कुठे पोचलं, कुठलं अजून पोचलं नाही, याची बातमीपत्रं. 'अजून पोचलं नाही' याच रकान्यावर सगळ्यांचे डोळे. माल कोणाचा, पैसा कोणाचा, ते तिथे ठरत होतं.

आणि आमच्या रत्नागिरीला? आजी सांगायची, मुंबईची बोट येणार म्हणून बंदरावर जाऊन बसायचं. आधी क्षितिजावर धूर, मग भोंगा, मग पडाव सुटायचे. धूर दिसेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं! १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि बोट बुडाल्याचं मुंबईत कळायलाही काही तास गेले. मुंबई तिथून किती लांब? काही मैल. आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबायची. "मुंबईत लोक जेवून झोपले असतील रे दुपारचे," म्हणायची.

मला वाटायचं, आता ठिपका आहे. आता असं होणार नाही.

इथे एक सांगायचं राहिलं. माझा भाचा, म्हणजे रत्नागिरीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, मर्चंट नेव्हीत आहे. आणि आहे तो नेमका गाड्या वाहणाऱ्या जहाजांवरच. त्याच्याकडून कळलं की या जहाजांवर गाड्या क्रेननं चढवत नाहीत, ड्रायव्हर लोक एकेक गाडी चालवत आत नेऊन लावतात. आतून ते जहाज म्हणजे बारा-तेरा मजल्यांचं पार्किंग. दोन गाड्यांमध्ये माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच जागा. प्रत्येक गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधायची. जहाजात किती गाड्या मावतात हे मोजायचं माप म्हणजे १९६६ सालची टोयोटा कोरोना! आज त्या मापानं सात-सात, नऊ-नऊ हजार गाड्यांची जहाजं निघालीत. चीनच्या बीवायडी कंपनीनं तर स्वतःच्याच इलेक्ट्रिक गाड्या युरोपला पोचवायला स्वतःसाठी जहाजं बांधून घेतली, त्यातलं पहिलं जानेवारी २०२४ मध्ये निघालं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये जर्मनीहून अमेरिकेला निघालेल्या 'फेलिसिटी एस'ला अझोर्स बेटांजवळ आग लागली. चारेक हजार गाड्या, पोर्शे, ऑडी, बेंटली, लॅम्बोर्गिनी. बावीसही खलाशी सुखरूप वाचले. जहाज १ मार्चला बुडालं. ज्यांच्या गाड्या त्यात होत्या त्यांनी ठिपका स्थिर झालेला पाहिला आणि हळहळले. पुढे लॅम्बोर्गिनीनं काय केलं ठाऊक आहे? बंद होत आलेल्या मॉडेलचं उत्पादन पुन्हा चालू केलं आणि बुडालेल्या पंधरा गाड्या नव्यानं बांधून दिल्या. तेव्हा मी पुतण्याला गमतीनं म्हटलं होतं, बघ, गाडी बुडाली तरी परत मिळते!

मग आली २६ जुलै २०२३ ची सकाळ.

बहिणीचा फोन. "दादा, टीव्ही लाव." आवाज कापत होता. हॉलंडच्या उत्तरेला समुद्रात गाड्यांचं जहाज पेटलं होतं, रात्रीच. खलाशी भारतीय. एक गेला. आणि जहाजाच्या नावाच्या शेवटी 'हायवे'.

आता, एका जपानी कंपनीच्या अशा बऱ्याच जहाजांच्या नावात शेवटी 'हायवे' असतं. भाच्याच्या जहाजाच्याही होतं. मी तिला म्हणालो, अगं, नावाचा पहिला भाग काय ते बघ. ती म्हणाली, बघितलं, त्याचं नाही. पण तो जहाज बदलणार होता दादा, जूनमध्ये बोलला होता, बदललं का ते मला आठवतच नाहीये. मी तिला खूप काही सांगत होतो आणि एका हातानं ठिपका शोधत होतो. भाच्याच्या जहाजाचा ठिपका होता, पण शिळा. 'शेवटचं ठिकाण: १९ तासांपूर्वी.' जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की छपरावरच्या अँटेनांना ऐकू येत नाही. मग उपग्रह ऐकतात, पण त्याचे पैसे पडतात. आणि समजा ठिपका ताजा असता तरी? जहाज कुठे आहे ते कळलं असतं. माझा भाचा त्यावर आहे की नाही, ते नाही. ठिपक्यावर जहाजाचं नाव असतं, लांबी असते, झेंडा असतो. माणसांची नावं नसतात.

दुपारी सव्वातीनला त्याचा मेसेज आला. "अटलांटिकमध्ये आहे. त्याच जुन्या जहाजावर. ठीक आहे. आईला सांग." बहीण मोठ्यानं रडली. मी घड्याळाकडे बघत होतो. आजीनं सांगितलेली ती दुपार माझ्या डोक्यातून जाईना. आणि दुसऱ्या कुठल्यातरी घरात त्याच दुपारी काय चाललं असेल, तेही.

'फ्रीमँटल हायवे'वर ३,७८३ गाड्या होत्या, त्यातल्या ४९८ इलेक्ट्रिक. आग कशी लागली याची खातरजमा व्हायच्या आधीच जगभर इलेक्ट्रिक गाड्यांना बोल लावून झाला. ३ ऑगस्टला जहाज ओढून एम्सहाफेन बंदरात आणलं तेव्हा दिसलं की खालच्या मजल्यांवरच्या शेकडो गाड्या धडधाकट आहेत, आणि त्यात इलेक्ट्रिकही भरपूर. पण त्या आठवड्यात जिथे तिथे चर्चा होती ती गाड्यांचीच. किती जळल्या, कुठल्या कंपनीच्या, विमा कोण भरणार. आगीपासून वाचायला काही खलाशांनी भल्या उंचीवरून रात्रीच्या समुद्रात उड्या टाकल्या, आणि गेलेला एक भारतीय होता, हे बातमीच्या शेवटी एका ओळीत.

पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे गाड्यांचंच जहाज हुथींनी पळवलं. ते रिकामं येत होतं आपल्या पिपावावला. पंचवीस खलाशी सुटले ते थेट जानेवारी २०२५ मध्ये, चौदा महिन्यांनी. त्या काळात लाल समुद्रातले ठिपके मी रोज बघत होतो, आणि एक विलक्षण गोष्ट दिसली. एआयएसमध्ये 'कुठे चाललो' असा एक रकाना असतो. तो यंत्र भरत नाही, जहाजावरचा माणूस टाइप करतो. तिथे बंदराच्या नावाऐवजी काही जहाजांनी लिहिलं होतं: सगळे खलाशी चिनी. काहींनी: इस्रायलशी संबंध नाही. काहींनी: सशस्त्र पहारेकरी सोबत आहेत. इतकी वर्षं मी तो ठिपका बघत होतो, पण त्याच्या आतून कोणी माणूस बोलतोय हे मला पहिल्यांदा तेव्हा जाणवलं. अक्षरं मोजून वीस. त्यात जीव वाचवायचा.

बहुतेक जहाजं मग आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहाएक दिवसांचा फेरा. युरोपात गाडीची वाट बघणारे पुन्हा कुरकुरले.

गेल्या दिवाळीत योग जुळून आला. ऑस्लोचा पुतण्या आणि रजेवर आलेला भाचा दोघंही पुण्यात आमच्याकडे फराळाला. पुतण्या त्या २०१९ च्या गाडीची गोष्ट रंगवून सांगत होता. म्हणाला, "झीब्रुगेला पोचायची तारीख दोनदा बदलली रे! मी नुसता चिडलो होतो. कोण बदलतं ते, काही कळायला मार्ग नाही."

भाचा चकली मोडता मोडता म्हणाला, "आमच्या जहाजावर मी."

"म्हणजे?"

"सेकंड ऑफिसर. तारीख, बंदर, सगळं मीच टाइप करतो. समुद्र खवळला की वेग कमी होतो, मग तारीख बदलायची. रात्री बारा ते चार माझी पाळी. तेव्हाच बदलतो बहुतेक."

पुतण्या जरा गप्प झाला. मग त्यानं विचारलं, गाड्यांवर लक्ष कोण ठेवतं रात्री? भाचा म्हणाला, फेरी मारतात. टॉर्च घेऊन, मजल्यामजल्यावर. पट्टे सैल झालेत का, कुठे वास येतोय का. विजेच्या गाड्या आल्यापासून फेऱ्या वाढल्यात. बहीण स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहून ऐकत होती. तिनं हे आधी कधी ऐकलं नव्हतं.

आता पुतण्याची दुसरी गाडी येतेय, या वेळी शांघायहून. परवा फोन केला होता त्यानं. जहाजाचं नाव सांगितलं, आफ्रिकेला वळसा घालून येतंय म्हणाला. मग जरा घुटमळून विचारलं, "काका, यावर आपली माणसं असतील का हो?"

मी म्हटलं, ते ठिपक्यात दिसत नाही. भाच्याला विचार.