गाळाची साक्ष

उस्मानपुऱ्यात आम्ही राहतो त्या भागात जुलैमधला एखादा जोराचा पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला पाहण्यासारखे बरेच असते. उतारावर पाणी जोरात वाहिले तेथे नुसती खडी उरलेली असते. उतार कमी झाला तेथे वाळू, आणि वाळूवर बोट-दोन बोटे अंतरावर उमटलेल्या बारीक लाटा. एखाद्या भिंतीच्या आडोशाला पाणी थबकले तेथे मऊ चिखलाचा पातळ थर. पाणी तर निघून गेले. पण ते किती जोराने आले आणि कोठवर चढले, हे गाळ सांगतो.

गाळाचे हे सांगणे किती दूरवर पोहोचू शकते, याचा एक बोधप्रद इतिहास आहे. त्याची सुरुवात अमेरिकेच्या वायव्य भागात झाली आणि त्याचा एक धागा आपल्या नर्मदेपर्यंत आला.

जे हार्लन ब्रेट्झ (१८८२–१९८१) हे आरंभी सिअॅटल येथे माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवत. पुढे ते शिकागो विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२२ च्या उन्हाळ्यापासून त्यांनी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात पायपीट सुरू केली. हा प्रदेश आपल्या दख्खनसारखाच काळ्या बेसाल्टचा आहे. पण तेथे शेकडो चौरस किलोमीटरवरची माती पार खरवडली गेली होती. खडकात खोल घळया होत्या, पण त्यांत नद्या नव्हत्या. सुमारे १२० मीटर उंच आणि पाच किलोमीटरहून रुंद असा एक धबधब्याचा कडा होता, पण त्यावरून पाण्याचा थेंब पडत नव्हता. घळयांत मोठमोठ्या गोट्यांचे ढीग होते, आणि तेही पाण्याच्या नेहमीच्या पातळीहून कितीतरी उंचावर. १९२३ पासून ब्रेट्झ यांनी लेख लिहून प्रतिपादन केले, की हे सारे एका प्रचंड आणि अल्पकालीन पुराचे काम आहे.

१२ जानेवारी १९२७ रोजी वॉशिंग्टन शहरातील भूशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांना बोलावण्यात आले आणि एकामागून एक वक्त्यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. हे विरोधक हेकट होते असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. भूरूपे सावकाश, लाखो वर्षांच्या झिजेतून घडतात, हे तत्त्व भूशास्त्राने मोठ्या कष्टाने मिळवलेले होते. प्रलयाच्या कथांपासून हे शास्त्र त्या तत्त्वामुळेच सुटले होते. शिवाय विरोधकांचा एक प्रश्न अगदी रास्त होता : एवढे पाणी आले कोठून? ब्रेट्झ यांच्याजवळ त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

उत्तर जोसेफ पार्डी या भूशास्त्रज्ञाजवळ होते. हिमयुगात माँटाना राज्यात मिसौला नावाचे एक विशाल सरोवर होते, हे त्यांनी १९१० मध्येच दाखवले होते. एका हिमनदीने दरीचे तोंड अडवल्यामुळे हे सरोवर साठले होते. त्यात दोन हजार घन किलोमीटरहून अधिक पाणी होते. १९४० मध्ये पार्डी यांनी त्या सरोवराच्या तळावरील गोट्यांच्या लांबच लांब टेकड्यांचे वर्णन केले. त्यांची उंची काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास आणि दोन टेकड्यांमधले अंतर शंभर मीटरच्या घरात होते. या टेकड्या म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या वाळूतल्या लाटाच! फक्त वाळूच्या जागी गोटे आणि बोटांच्या जागी मीटर. जमिनीवर उभे राहिले तर त्या लाटा आहेत हे ध्यानातही येत नाही. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत मात्र त्या स्पष्ट दिसतात.

एवढे गोटे पाण्याने हलतात कसे? प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याला ढकलता येणाऱ्या दगडाचे वजन ढोबळमानाने चौसष्टपट होते, असे एक जुने गणित आहे. म्हणजे वेग थोडा वाढला, तरी खडीच्या जागी धोंडे वाहू लागतात. उलट दरी रुंदावली, वेग उतरला, की सर्वांत जड माल आधी खाली बसतो, मग वाळू, आणि अखेर चिखल. बर्फाचा बांध फुटतो त्याचे कारण तर आपण शाळेतच शिकवतो. बर्फ पाण्याहून हलका. साठलेल्या पाण्याची खोली बर्फाच्या जाडीच्या नऊ-दशांशांजवळ आली, की बांध उचलला जाऊ लागतो, पाणी त्याच्याखाली वाट काढते आणि ती वाट झपाट्याने रुंदावते. मिसौलाच्या सर्वांत मोठ्या पुराचा प्रवाह सेकंदाला एक कोटी घनमीटरहून जास्त असावा. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला सात हजार घनमीटर पाणी सोडले, तेव्हा पैठणमध्ये पाणी शिरले होते. यावरून तुलना करावी.

१९६५ मध्ये जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी हा प्रदेश पाहिला आणि ब्रेट्झ यांना अभिनंदनाची तार पाठवली. १९७९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांना पेनरोझ पदक मिळाले.

पण गोष्ट येथे संपत नाही. १९२६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका सिंचन कालव्याचे पाणी चरात वळवले गेले आणि सहा दिवसांत तेथे खोल घळ पडली. तिच्या भिंतींत वाळू आणि चिखलाचे सुमारे चाळीस थर एकावर एक दिसतात. रिचर्ड वेट यांनी १९८० मध्ये दाखवले, की यातला प्रत्येक थर एका स्वतंत्र पुराचा आहे. दोन थरांच्या मध्ये सेंट हेलेन्स ज्वालामुखीची राख स्वच्छ पसरलेली सापडली. म्हणजे ती पडली तेव्हा तेथे पाणी नव्हते, जमीन उघडी होती. बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा बनत आणि फुटत होता. पुराबद्दल बरोबर ठरलेले ब्रेट्झ पुरांच्या संख्येबाबत दुरुस्त झाले, आणि तेही गाळाच्याच साक्षीने.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात हिमनद्या नाहीत. पण या खरवडलेल्या प्रदेशावर ज्यांनी डॉक्टरेट केली, त्या व्हिक्टर बेकर यांनी पुणे विद्यापीठातील विश्वास काळे आणि इतरांबरोबर नर्मदा व तापीच्या घळयांत काम केले. मोठ्या पुराचे पाणी उपनदीच्या मुखात मागे चढते आणि थबकते. तेथे एका पुराचा एक थर बसतो. थरातल्या कोळशावरून त्याचे वय काढता येते, आणि थराच्या उंचीवरून पूर निदान कोठवर आला होता हे कळते. अशा रीतीने नर्मदेची सुमारे दोन हजार वर्षांची पूरवही वाचता आली. मोठे पूर काळात सारखे विखुरलेले नसतात, असे त्यातून दिसले. युरोपात ज्याला लघुहिमयुग म्हणतात, त्या शतकांत आपल्याकडच्या या नद्यांना मोठे पूर फारसे आले नाहीत.

याचा उपयोग काय? धरणाचा सांडवा किती मोठा ठेवायचा, हे येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पुरावरून ठरते. आपल्या नद्यांच्या मोजणीच्या नोंदी मात्र काही दशकांच्याच आहेत. उरलेली वही गाळातच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्यालाही खिंडार पाडले. मातीचा बांध एकदा फुटला की पाणीच त्याला कापत जाते, हे पुण्याने त्या दिवशी पाहिले. हिमालयातील अनेक सरोवरे हिमनदीने लोटलेल्या माती-दगडांच्या अशाच बांधांमागे आहेत. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरात कडा कोसळला, लाट उठली आणि बांध फुटला. सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी सुटले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या लोंढ्याने वाटेत सुमारे २७ कोटी घनमीटर माती-दगड खरवडले. चुंगथांगचे धरण वाहून गेले, माणसे दगावली.

या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन एखाद्या ओढ्याकाठी जा. पूर ओसरल्यावर, आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली. खडी कोठे आहे, वाळू कोठे, चिखल कोठे, याचा नकाशा काढायला सांगा. काठ कापला गेला असेल तेथे थर मोजा. मग विचारा : पाणी कोठवर आले होते, आणि तुम्हाला ते कसे कळले? या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ब्रेट्झ यांना चाळीस वर्षे तोच विचारला जात होता.