देव हात देतो तेव्हा : आपल्या किनाऱ्याचा थोडा इतिहास

श्रीग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेला. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इतिहासाविषयी चार शब्द लिहावेत, अशी समितीची आज्ञा झाली. मंदिराच्या बांधकामाची हकीकत इतरत्र आलेली आहे, म्हणून येथे वेगळाच विषय घेतला आहे. संकटात आपण आईपुढे गाऱ्हाणे घालतो. तिने मदत पाठविलीच, तर ती घेण्याची आपली तयारी असते काय? आपल्या किनाऱ्याने या प्रश्नाची दोन्ही तऱ्हेची उत्तरे पाहिलेली आहेत.

कोळी बांधवांचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो, तो वाजतगाजत. परंतु त्याआधीचे दोन महिने घराघरातून जाळी विणली जातात, होड्यांच्या फटी बुजविल्या जातात, दोर बदलले जातात. फुटक्या होडीत बसून कोणी दर्याला नारळ देत नाही.

आता एक दुःखद आठवण. स्वदेशी चळवळीच्या काळात कोकणच्या उतारूंसाठी स्वकीयांची एक आगबोट कंपनी निघाली. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. कोकणी माणूस भाविक, म्हणून बोटींना संतांची नावे देण्यात आली. ‘तुकाराम’ त्यांतलीच. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. तरीही पुढे ‘रामदास’ आली. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या, म्हणजे लोकांच्या तोंडची गटारी. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सातशेच्या वर माणसे होती, सणासाठी घरी परतणारी, आपल्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील बरीचशी. काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटेने बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बघता बघता बोट उलटली.

सहाशेच्या वर माणसे गेली. पुढे कित्येक दिवस किनाऱ्याकिनाऱ्याला प्रेते लागत होती. आमच्या लहानपणी त्या अमावास्येला म्हाताऱ्या बायका दर्याकडे पाहून डोळ्यांना पदर लावीत, त्याचे कारण आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

वाचकहो, त्या दिवशी देवाने मदत पाठविली नाही असे म्हणता येत नाही. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. समोरचा प्रकार पाहताच त्यांनी होड्या तिकडे वळविल्या आणि तशा दर्यात शक्य तेवढी माणसे ओढून घेतली. जे वाचले, त्यांतील पुष्कळांना त्यांनीच जीवदान दिले. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. जीवरक्षक साधनेही पुरेशी नव्हती. मुंबईला बातमी पोहोचली ती कित्येक तासांनी. मदत करू शकणारे बंदर हाकेच्या अंतरावर होते, हाक मारण्याचे साधन मात्र नव्हते. बोटीला नाव कोणाचे होते पहा! ज्या समर्थांनी जन्मभर प्रयत्नाचा महिमा सांगितला आणि आपल्याच महाड तालुक्यात शिवथरघळीत बसून ‘दासबोध’ सांगितला अशी श्रद्धा आहे, त्यांचे.

याउलट आपल्या खारेपाटातील जुनी रीत पहावी. खाडीच्या पाण्यापासून भातशेती राखणारे बांध गावानेच घालायचे, गावानेच राखायचे. या सामुदायिक पद्धतीला जोळ म्हणत. उधाणाने खांड गेली की ज्याची त्याची शेती न पाहता घरटी माणूस टोपली-फावडे घेऊन निघे. बांधावर नारळ फोडायचा, तो चिखलाने माखलेल्या हातांनी. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली नवा झाला, बांधांचा कारभार सरकारकडे गेला. त्यात चूक काही नाही. पण हळूहळू आपले फावडे माळ्यावर गेले, आणि आता खांड गेली की आपण अर्ज लिहितो.

३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ तर लहान मुलांनाही आठवते. टाळेबंदी चालू असताना ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव सर्वदूर, पण नवे झाड फळाला येण्यास वर्षे लागतात, हे बागायतदारास विचारावे. माणसे मात्र त्या मानाने फारच थोडी दगावली, कारण हवामान खात्याची सूचना आधी आली आणि हजारोंना किनाऱ्यावरून हलविण्यात आले.

येथे प्रस्तुत लेखकास आपली चूक कबूल केली पाहिजे. त्या सकाळी मला दोनदा निरोप आला. “आई बघून घेईल,” असे सांगून मी ओटीवरच बसून राहिलो. तिसऱ्या खेपेस कोळीवाड्यातला एक मुलगा आला. “काका, तुम्ही बसा. आजीला मी नेतो,” असे म्हणून त्याने माझ्या वृद्ध मातोश्रींना पाठंगुळी घेतले आणि तो शाळेकडे चालू लागला. मग मलाही मागून जावे लागले. संध्याकाळी परत येऊन पाहतो तो माजघरातील त्यांच्या अंथरुणावर आढा कोसळून पडलेला. मी ज्या मदतीची वाट पाहत होतो, तिला दोनदा दारातून परत पाठविले होते.

जीर्णोद्धाराचा आराखडा ठरताना कळसाला सोन्याचा मुलामा द्यावा, अशी काही देणगीदार मंडळींची इच्छा होती. ती मनापासूनची होती, तिचा अनादर नाही. बराच वाद झाला, एक बैठक तर अर्ध्यावर मोडली. अखेर कळस साधा राहिला आणि ती रक्कम सभामंडपाकडे वळविण्यात आली. जोते उंच घेतले, वर पक्का स्लॅब टाकला, मागे एक खोली बांधली. तीत दोर, टॉर्च, कंदील, ताडपत्र्या, पाण्याची पिंपे, औषधांची पेटी आणि वीस फावडी ठेवली आहेत. खोलीस दोन किल्ल्या आहेत. एक पुजाऱ्यांकडे असते, दुसरी कोळीवाड्यात.