सुट्या भागांची साक्ष

एनफिल्ड रायफलीचे नाव आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. १८५७ च्या उठावाच्या कारणांमध्ये ज्या चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख येतो, ती काडतुसे याच रायफलीची. १८५३ च्या नमुन्याच्या या रायफली लाखोंनी बनल्या आणि जगभरच्या संग्राहकांकडे त्या आजही बऱ्याच आहेत. त्यामुळे त्यांचे फारसे अप्रूप नाही. पण एखाद्या रायफलीच्या चापाजवळील लोखंडी पट्टीवर सालाच्या जोडीला ‘विंडसर’ हा शब्द कोरलेला निघाला, की जाणकार संग्राहक खुर्ची पुढे ओढतो. हे विंडसर म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याचा किल्ला असलेले गाव नव्हे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात कनेटिकट नदीच्या काठी याच नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ‘रॉबिन्स अँड लॉरेन्स’ नावाचा एक कारखाना होता. १८५६ साली तो बुडाला.

बुडालेल्या कारखान्याचा माल दुर्मिळ आणि दुर्मिळ म्हणून महाग, एवढेच असते तर त्याबद्दल येथे लिहिण्याचे कारण नव्हते. टपाल तिकिटांचेही तसेच असते. पण या जुन्या रायफली जपणाऱ्या, त्यांचे स्क्रू सोडवून आतले भाग भिंगाखाली पाहणाऱ्या मंडळींमुळे तंत्रविद्येच्या इतिहासातली एक पक्की समजली गेलेली गोष्ट खोटी ठरली. कित्येक पुस्तकांत ती गोष्ट अजून छापली जाते. म्हणून ती मुळापासून पाहू.

बंदूक म्हणजे नळी, लाकडी दस्ता आणि लॉक. लॉक म्हणजे घोडा, चाप, कमानी आणि त्यांना अडवणारे-सोडणारे लहान लहान तुकडे यांची जुळणी. बंदुकीतला हा सर्वांत नाजूक भाग. अठराव्या शतकात हा प्रत्येक तुकडा कारागीर लोखंडातून ठोकून काढी आणि मग कानशीने घासून शेजारच्या तुकड्याशी जुळवी. घोडा थोडा जाड झाला तर त्याची खाच थोडी मोठी करायची. अशा रीतीने प्रत्येक बंदूक चालत असे, पण एका बंदुकीचा तुकडा दुसरीत बसत नसे. आपल्याकडे गावच्या सुताराने केलेल्या बैलगाडीचे चाक शेजाऱ्याच्या गाडीला बसेलच याची खात्री कोणी देत नव्हते, तसेच हे.

यात आणखी एक अडचण होती. घासण्यासाठी लोखंड मऊ हवे, पण वापरात झिजू नये म्हणून ते कठीण हवे. त्यामुळे सर्व तुकडे आधी मऊ असताना जुळवायचे, मग लॉक पुन्हा सोडवून ते तुकडे तापवून पाणी देऊन कठीण करायचे, असा क्रम होता. एकदा कठीण झालेल्या तुकड्यावर कानस चालत नाही. आता एकाच वेळी वीस लॉकांचे तुकडे भट्टीत गेले तर कोणता तुकडा कोणत्या लॉकचा हे कसे ओळखायचे? त्यासाठी कारागीर प्रत्येक तुकड्यावर छिन्नीने बारीक खूण करीत. एका लॉकच्या सर्व तुकड्यांवर एकच खूण. ही खूण बाहेरून दिसत नाही. लॉक सोडवल्यावरच ती दिसते. तिचा अर्थ स्पष्ट आहे : हे तुकडे एकमेकांसाठीच घडवले आहेत, दुसरीकडे ते बसणार नाहीत.

आता ती गोष्ट. एली व्हिटनी हा अमेरिकन माणूस कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध आहे. १७९८ साली त्याने अमेरिकन सरकारशी दहा हजार मस्केट बंदुका पुरवण्याचा करार केला. त्याने सांगितले, की आपण यंत्रांनी बंदुका बनवू आणि त्यांचे भाग एकमेकींत बसतील. १८०१ साली त्याने राजधानीत पुढाऱ्यांसमोर एक प्रयोग करून दाखवला. एकाच बंदुकीला त्याने दहा वेगवेगळी लॉक केवळ स्क्रू ड्रायव्हरच्या साह्याने बसवून दाखवली. मंडळी खूश झाली. ‘अदलाबदलीच्या भागांचा जनक’ अशी व्हिटनीची कीर्ती झाली आणि पुढे ती पाठ्यपुस्तकांत गेली. दोन वर्षांचा करार पुरा व्हायला १८०९ साल उजाडले, इकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

वास्तविक ही कल्पनाही व्हिटनीची नव्हे. पॅरिसमध्ये ओनोरे ब्लांक नावाचा फ्रेंच तंत्रज्ञ हेच करीत होता. १७८५ साली थॉमस जेफरसन तेथे अमेरिकेचा राजदूत होता. ब्लांकच्या कारखान्यात सुटे करून ठेवलेले तुकडे हाताला येतील तसे उचलून त्याने स्वतः काही लॉक जोडून पाहिली होती. पुढे हाच जेफरसन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

व्हिटनीच्या कीर्तीला धक्का बसला तो १९६० साली. रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने ही सगळी कथा तपासून पाहिली. कागदपत्रे तर त्याने वाचलीच, पण संग्रहांत जपून राहिलेल्या व्हिटनीच्या मस्केटांचाही त्याने पुरावा घेतला. त्यांचे भाग एकमेकींत बसत नव्हते. काही तर जवळपासही बसत नव्हते. आणि आतल्या तुकड्यांवर त्या जुन्या ओळखखुणा होत्या! अदलाबदल होणाऱ्या तुकड्यांवर अशा खुणा करण्याची गरजच नसते. १८०१ चा प्रयोग आधी मुद्दाम जुळवून आणलेल्या लॉकांवर झाला असावा, असे आता बहुतेक इतिहासकार मानतात. शिवाय पूर्ण लॉक बसवून दाखवणे आणि लॉकच्या आतले तुकडे बदलून दाखवणे यांत मोठे अंतर आहे, हे पाहणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात सांगावा असा हा प्रसंग आहे. प्रयोग डोळ्यांसमोर झाला म्हणून तो जे सिद्ध करायचे तेच सिद्ध करतो असे नाही.

मग हे काम खरोखर कोणी केले? एका माणसाचे नाव घेता येत नाही. हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यात जॉन हॉल नावाच्या माणसाने मागच्या बाजूने भरायच्या रायफलीवर कित्येक वर्षे घालवली आणि १८२०–३० च्या दशकात ते साधले. कनेटिकटमधील सिमियन नॉर्थने १८३४ साली स्वतःच्या कारखान्यात अशा रायफली बनवल्या, की त्यांचे भाग दूरवरच्या हॉलच्या रायफलींत बसत. सरकारी कारखान्यांतून ही विद्या हळूहळू खासगी कारखानदारांकडे गेली. विंडसरचा कारखाना त्यांपैकीच.

निकॅनॉर केंडॉल, रिचर्ड लॉरेन्स आणि सॅम्युएल रॉबिन्स या तिघांनी मिळून १८४५ साली १८४१ च्या नमुन्याच्या दहा हजार रायफलींचे सरकारी कंत्राट घेतले. १८४६ साली त्यांनी ओढ्याच्या काठी विटांची इमारत उभी केली. पाण्याच्या जोरावर यंत्रे चालत. कंत्राटाची मुदत पाच वर्षांची होती. माल दीड वर्ष आधीच तयार झाला आणि १८४८ साली आणखी पंधरा हजार रायफलींचे कंत्राट मिळाले. दरम्यान केंडॉल बाहेर पडला. म्हणून सुरुवातीच्या रायफलींवर तीन नावे आहेत आणि नंतरच्यांवर दोन. संग्राहक पट्टीवरची नावे वाचूनच रायफलीचा काळ सांगतो.

या कारखान्याचे खरे धन म्हणजे त्याची यंत्रे. १८४७ साली आलेल्या फ्रेडरिक हाऊ या तरुण तंत्रज्ञाने येथे मिलिंग यंत्रात मोठ्या सुधारणा केल्या. मिलिंग यंत्रात अनेक दातांचे चक्र फिरते आणि त्याखालून सरकणारा लोखंडाचा तुकडा ठरल्या आकारात कापला जातो. तुकडा पकडायचा साचा एकदा नीट बसवला, की पहिला आणि हजारावा तुकडा सारखाच निघतो. निदान अपेक्षा तशी असते. निघालेला तुकडा पोलादी मापकात घालून पाहायचा. बसला तर ठीक, नाही तर बाद. तो शेजारच्या तुकड्याशी जुळतो का हे पाहायचेच नाही, फक्त मापकाशी जुळला पाहिजे. अदलाबदलीच्या भागांमागची सगळी युक्ती एवढीच आहे.

१८५१ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठे प्रदर्शन भरले. रॉबिन्स अँड लॉरेन्सने तेथे सहा रायफली मांडल्या. त्यांचे भाग आपापसांत बदलता येत होते आणि त्यांना पदकही मिळाले. इंग्लंडमध्ये तेव्हा बर्मिंगहॅम आणि लंडनचे कारागीर हाताने बंदुका जुळवीत. १८५४ साली इंग्रज सरकारची एक समिती अमेरिकेत गेली. स्प्रिंगफिल्डच्या सरकारी कारखान्यात तिने १८४४ ते १८५३ या दहा वर्षांची प्रत्येकी एक अशा दहा मस्केट निवडल्या, त्या सुट्या करवल्या आणि तुकडे पेट्यांत मिसळून टाकले. मग समितीचे सभासद हाताला येईल तो तुकडा उचलून कामगाराला देऊ लागले. त्याने केवळ स्क्रू ड्रायव्हर वापरून दहाही बंदुका जोडून दिल्या. हा प्रयोग व्हिटनीच्या प्रयोगापेक्षा किती वेगळा आहे पाहा : नमुने पाहणाऱ्यांनी निवडले, तुकडे पाहणाऱ्यांनी मिसळले. समितीने एनफिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी अमेरिकन यंत्रे मागवली आणि त्यांतली शंभराहून अधिक विंडसरहून गेली.

यंत्रांबरोबर पंचवीस हजार एनफिल्ड रायफलींचे कंत्राटही विंडसरला मिळाले. तेव्हा क्रिमियाचे युद्ध चालू होते. पुढे याहून कितीतरी मोठी मागणी येईल या भरवशावर कारखान्याने भांडवल ओतले. रायफली वेळेवर तयार झाल्या नाहीत. १८५६ च्या मार्चमध्ये युद्ध संपले, पुढची मागणी आलीच नाही आणि कारखाना कर्जात बुडाला. उरलेल्या मालाची जुळणी दुसऱ्यांच्या हाताखाली आणखी काही काळ चालली, तरी पंचवीस हजारांचा आकडा गाठला गेला नाही. संग्राहक ज्या ‘विंडसर’ रायफलीमागे असतात ती ही. ज्या कारखान्याने इंग्लंडला यंत्राने बंदुका करायला शिकवले, त्याचे दिवाळे काढणारी रायफल!

त्याच कारखान्यात बनलेली याहून दुर्मिळ वस्तू म्हणजे जेनिंग्ज रायफल. तिची मूळ कल्पना वॉल्टर हंट या संशोधकाची. आपण रोज वापरतो ती सेफ्टी पिन १८४९ साली शोधणारा हाच हंट. या रायफलीच्या गोळीच्या पोटातच दारू भरलेली असे आणि नळीखालच्या दुसऱ्या नळीत अशा गोळ्या रांगेने ठेवलेल्या असत. रायफल भरवशाची नव्हती, खपलीही नाही. पण तिच्यावर काम करणाऱ्यांत होरेस स्मिथ, डॅनियल वेसन आणि टायलर हेन्री हे तिघे होते. स्मिथ-वेसन आणि विंचेस्टर या दोन्ही नावांचा माग विंडसरच्या त्या इमारतीपर्यंत जातो.

या कहाणीला अजून एक पदर आहे. येल विद्यापीठाच्या रॉबर्ट गॉर्डन यांनी जुन्या लॉकांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९८८ साली आपले निष्कर्ष मांडले. मिलिंग चक्राने कापलेल्या पृष्ठभागावर एकसारख्या समांतर रेघा उमटतात, तर कानशीच्या रेघा आडव्यातिडव्या आणि कमी-अधिक खोल असतात. यंत्राने बनल्याचा लौकिक असलेल्या सरकारी मस्केटांच्या तुकड्यांवर शेवटचा हात कानशीचाच दिसला. यंत्र तुकडा जवळपास मापात आणी आणि उरलेला केसभर भाग कारागीर मापक हाती घेऊन घाशी. काळाबरोबर यंत्रे सुधारली तशी कारागिरांच्या हाताची अचूकताही वाढत गेली होती. यंत्र आले आणि कसब गेले, असे आपण सरसकट म्हणतो, ते येथे खरे ठरत नाही.

वर्गात हे दाखवायला बंदूक लागत नाही. एकाच मापाचे दहा नट आणून मुलांना व्हर्नियरने मोजायला सांगावे. दहाही सर्व बोल्टांवर बसतात, पण मापे थोडी थोडी निराळी येतात. अदलाबदल होणे म्हणजे तंतोतंत सारखे असणे नव्हे. फरक ठरलेल्या मर्यादेत असला की पुरते, आणि ती मर्यादा किती ठेवायची हे ठरवणे ही कारखान्याची मोठी विद्या आहे.

संग्राहकांकडे पुन्हा येऊ. हाताने जुळवलेली जुनी मस्केट ‘अस्सल’ आहे की नाही हे ओळखणे तसे सोपे. आतल्या खुणा जुळल्या की तुकडे मूळचेच. विंडसरच्या रायफलीत मात्र तशा खुणा नाहीत. कोणी एखाद्या मोडक्या रायफलीतला घोडा काढून दुसरीत बसवला, तर तो दीडशे वर्षांपूर्वी बसला असता तसाच बसतो आणि बदल कळत नाही. कारखान्याने जे साधले तेच आता किंमत ठरवणाऱ्याची पंचाईत करते. मग तो गंजाचा रंग जुळतो का, स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या आहेत का, लाकडावरचा तपासनिसाचा शिक्का झिजला आहे का, हे पाहत बसतो. काही विक्रेते चकाकी यावी म्हणून जुने तुकडे पॉलिश करून ठेवतात. जाणते संग्राहक अशी रायफल हातात घेऊन परत ठेवतात. तिच्यावरच्या रेघा गेलेल्या असतात आणि गॉर्डन यांच्यासारख्याला त्या तुकड्यात वाचण्याजोगे काही उरलेले नसते.

विंडसरची ती विटांची इमारत अजून उभी आहे. कारखाना बुडाल्यावर तेथे शिवणयंत्रे बनली, यादवी युद्धात पुन्हा रायफली बनल्या. १९६६ साली स्मिथसोनियन संस्थेतले एक अभ्यासक एडविन बॅटिसन यांच्या प्रयत्नाने तेथे यंत्रावजारांचे संग्रहालय सुरू झाले. त्याच वर्षी बॅटिसन यांनी व्हिटनी आणि मिलिंग यंत्र यांच्याविषयीचा आपला लेखही प्रसिद्ध केला.