‘सेशन गेलं!’ची कुळकथा

पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यातून सुटले आणि २०२३ मध्ये आपला वेगळा जिल्हा झाला. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानातली हाक मात्र जुनीच आहे: “सेशन गेलं!” शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा होतो, पोरगी विसरलेलं आधार कार्ड आणायला घरी पळते आणि ती परत येईस्तोवर पडदा पुन्हा लॉगिन मागतो.

खोट वेबच्या जन्मापासूनची आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेब घडवलं ते कागदपत्रं वाचण्यासाठी. पान मागा, पान घ्या, विषय संपला. पुढचं पान मागणारा तोच का दुसरा, हे सर्व्हरला कळायची गरजच नव्हती. वाचकाचं भागलं; दुकानदाराचं कसं भागेल?

१९९४ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपच्या लू माँटुलींपुढे हाच पेच आला. एमसीआय कंपनीला ऑनलाइन दुकान हवं होतं, पण गिऱ्हाइकाची अर्धवट खरेदी स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायची नव्हती. माँटुलींनी ती गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरकडे ठेवायला दिली. तीच कुकी. नाव युनिक्सवाल्यांच्या ‘मॅजिक कुकी’वरून आलं. प्रोग्रामरांच्या जुन्या कोशात तिचं उदाहरण आहे ड्रायक्लीनिंगच्या पावतीचं: पावतीत कपडे नसतात, नुसता नंबर असतो.

गंमत अशी की पुढे लोकांनी कपडे पुन्हा सर्व्हरवर नेले आणि ब्राउझरकडे नंबर तेवढा ठेवला. हेच सेशन. २००० साली वेबसाइटी लिहायच्या पीएचपी भाषेच्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आयतीच मिळाली.

म्हणून सेशन गेलं की आधी विचारायचं, पावती हरवली का कपडे? ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कुकी पाहावी. दर पानाला नंबर बदलत असेल, तर पावती परत पोचतच नाही. डोमेन, पाथ किंवा सिक्युअरची अट चुकलेली असते. नंबर तोच असून ओळख पटत नसेल, तर कपडे गेले: सर्व्हर रीस्टार्ट झाला असेल, किंवा यंत्रं दोन आहेत, कपडे एकाकडे आणि पावती दुसऱ्याच्या खिडकीवर. नाहीतर नुसती मुदत संपलेली. यातलं एकही त्या पोरीच्या हातात नव्हतं, तरी बोलणी तीच खाते.

पीएचपीची ठरलेली मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. ती वाढवायला सेटिंगच्या फाइलीतली एक ओळ बदलावी लागते.