माझी मैना गावाकडे राहिली

शाहीर अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांची, मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेली छक्कड. छक्कड हा लावणीचाच एक ठसकेबाज प्रकार. तमाशाच्या फडावर ती बहुधा शृंगाराची. अण्णाभाऊंनी ठसका तसाच ठेवला आणि ती बायकोला, म्हणजे मैनेला, गावी ठेवून आलेल्या मुंबईच्या गिरणगावातल्या चाकरमान्याच्या तोंडी दिली.

वाटेगावहून (तेव्हाचा सातारा, आताचा सांगली जिल्हा) अण्णाभाऊ लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले, पुढे गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. लालबाग-परळच्या चाळींत तेव्हा एकेका खोलीत अनेक पुरुष दाटीवाटीने राहत, पाळ्यांप्रमाणे झोपत, खाणावळीत जेवत. बायकामुले गावी, मनिऑर्डर आणि पत्र एवढाच संसार. गाण्यातला नवरा त्यामुळे श्रोत्यांना शेजारच्या वळकटीवरचाच वाटला.

रचनेची खरी करामत तिच्या वळणात आहे. आधी मैनेच्या रूपाचे, लाडाकोडाचे वर्णन. मग गरिबीने झालेली ताटातूट आणि बेकारांनी भरलेली मुंबई. शेवटाकडे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात आणि घरधनिणीचा विरह तुटलेल्या मुलखाचा विरह होतो. प्रचारगीते हंगाम सरला की विरतात. हे टिकले, कारण त्याचा बराचसा भाग प्रचार नाहीच. चळवळ ठाऊक नसलेल्यालाही तो पुरतो.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनला चळवळीतल्या निदर्शकांवर गोळीबार झाला, आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या दिवसांत सभेआधी शाहिरी ही ठरलेलीच. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि मागे झीलकरी, एवढ्या सरंजामावर अमर शेखांचा पहाडी आवाज मैदान गाजवी. पुढे विठ्ठल उमप यांच्या ध्वनिमुद्रणामुळे ही छक्कड चळवळ न पाहिलेल्या पिढीच्याही कानी पडली. उमपांच्या गळ्यात विरह अधिक मुरलेला आहे का, हे मात्र ऐकूनच ठरवावे.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. कर्नाटकातल्या बेळगाव-कारवारसह सीमाभागासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.