फवाऱ्यातून सौरघट: कोल्हापूर ते सातपुडा

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा तापीकाठच्या सपाट जमिनीबरोबर सातपुड्याचा दुर्गम भागही त्याच्या वाट्याला आला. धडगाव व अक्कलकुवा या तालुक्यांतील वस्ती डोंगरउतारांवरच्या पाड्यापाड्यांत विखुरलेली असल्यामुळे तारा ओढून वीज पोहोचवणे तेथे खर्चाचे आणि कष्टाचे काम ठरले. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे 2003 मध्ये ग्रामस्थांच्या श्रमदानातून आणि नर्मदा बचाओ आंदोलनाच्या साथीने सुमारे 15 किलोवॉटचा लघुजलविद्युत प्रकल्प उभा राहिला; गावाने स्वतः उभारलेली ही वीज 2006 मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, ही हानी आकड्यांत मावणारी नाही. अशा प्रदेशात सूर्यप्रकाशापासून जागच्या जागी वीज मिळवण्याचा प्रश्न ऐषआरामाचा नाही, आणि म्हणूनच सौरघट स्वस्तात कसा घडवता येईल याचा इतिहास येथे पाहण्याजोगा आहे.

प्रकाश पडताच विद्युतप्रवाह देणारा अर्धवाहकाचा घट म्हणजे सौरघट. नेहमीच्या घटातील सिलिकॉनची चकती मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकी जाड असते आणि ती तयार करताना प्रचंड उष्णता लागते. उलट काही पदार्थ प्रकाश इतका प्रभावीपणे शोषतात की त्यांचा अत्यंत पातळ थरही पुरतो. मात्र असा थर बसवण्यासाठी बहुधा निर्वातयंत्रणा, म्हणजे हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतलेली बंद पेटी, वापरली जाई आणि ती महागडी असे. 1966 मध्ये अमेरिकेतील चेंबरलिन आणि स्कारमन यांनी निर्वाताशिवायचा मार्ग दाखवला: क्षारांचे द्रावण हवेच्या दाबाने सूक्ष्म थेंबांत फोडून तापवलेल्या काचेवर फवारले की उष्णतेने त्याचे विघटन होऊन कॅडमियम सल्फाइडसारख्या अर्धवाहकाचा थर बसतो. या रीतीला फवारा-तापविघटन म्हणता येईल. कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या पंपाप्रमाणेच येथेही थेंबाचा आकार, दाब आणि तोटीचे अंतर यांवर सारे अवलंबून असते.

महाराष्ट्रात ही रीत खऱ्या अर्थाने रुजली ती कोल्हापुरात. 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांच्या संशोधनाची एक सलग परंपरा तयार झाली. द्रावणात काच बुडवून थर बसवण्याच्या रासायनिक रीतीवर चंद्रकांत लोखंडे यांनी, तर फवाऱ्याच्या रीतीवर सी. एच. भोसले आणि प्रमोद पाटील यांनी दीर्घकाळ काम केले. पाटील यांनी 1999 मध्ये फवारा-तापविघटनाचा विस्तृत आढावा आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि पुढील संशोधकांनी तो वारंवार आधाराला घेतला. तोटी, हवेचा दाब आणि तापवलेली पट्टी एवढ्या साध्या सामग्रीवर काम भागत असल्याने मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेलाही जागतिक प्रश्नावर हात घालता आला, हे या परंपरेचे खरे मोल आहे.

सेंद्रिय सौरघटांचा, म्हणजे कार्बनी संयुगांपासून केलेल्या घटांचा, प्रवाह वेगळ्या वाटेने आला. 1986 मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग तांग यांनी दोन सेंद्रिय थरांचा सुमारे एक टक्का कार्यक्षमतेचा घट प्रसिद्ध केला, पण त्याचे थरही निर्वातातच बसवलेले होते. 1995 मध्ये कॅलिफोर्नियातील ॲलन हीगर यांच्या गटाने प्रकाश शोषणारे बहुवारिक आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन स्वीकारणारे फुलरीन ही दोन्ही द्रव्ये एकाच द्रावणात मिसळून थर बसवला आणि ओल्या रीतींना दार उघडले. प्रयोगशाळेत असा थर गरगर फिरणाऱ्या काचेवर द्रावण टाकून पसरवला जाई, परंतु त्यात बहुतांश द्रव्य कडेने उडून वाया जाते आणि मोठा पृष्ठभाग झाकता येत नाही. या अडचणीमुळे 2007 पासून दक्षिण कोरियासह अनेक ठिकाणी फवाऱ्याकडे लक्ष वळले. येथे विघटन नको असते: द्रावक उडून जाऊन शंभर ते दोनशे नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश भागाएवढा, अखंड थर राहिला पाहिजे. थेंब लवकर सुकले तर थर खडबडीत होतो, उशिरा सुकले तर द्रव कडांकडे ओढला जातो, आणि बारीकसे छिद्र राहिले तरी घट निकामी होऊ शकतो.

प्रयोगशाळेतील लहान सेंद्रिय घटांची कार्यक्षमता 2020 पर्यंत 18 टक्क्यांवर गेली असली, तरी ऑक्सिजन, ओलावा आणि प्रखर ऊन यांनी हे थर झिजतात. नंदुरबारशेजारच्या साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला, पण असे प्रकल्प वीज जाळ्याला देतात. पाड्यावरच्या घराला छपरावर टिकणारा, हलका आणि दुरुस्तीला सोपा घट हवा. खानदेशातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी फवारलेले नमुने सातपुड्याच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवून तपासावेत. त्या कसोटीला ते उतरेपर्यंत धडगावच्या छपरांवर सिलिकॉनच हवे.